नवा एनआरव्ही टाकला तरी टाकी रात्रीत उतरते? आधी गच्चीवर जा

सोलापुरात ही तक्रार बारमाही आहे. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. घरातलं कुणीतरी वेळ सांभाळून हौद भरून घेतं, मोटर लावून गच्चीवरची टाकी काठोकाठ करतं आणि निवांत झोपतं. सकाळी बघावं तर टाकी अर्ध्यावर. नाहीतर टाकी जागच्या जागी असते, पण मोटर लावली की नुसती घरघर. वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय उचलतच नाही. मग मिस्त्री येतो, "काका, एनआरव्ही गेला" म्हणतो, नवा टाकतो, पैसे घेतो. एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी आणि उलटं येऊ न देणारी झडप. महिनाभर बरं चालतं आणि पुन्हा तेच.

पंप आणि पाइपच्या कामात असल्यामुळे हे काढून टाकलेले एनआरव्ही माझ्या हाताखालून जातात. उघडून बघितले तर त्यातले बरेच धडधाकट निघतात. फ्लॅप (आतलं हलतं झाकण) जागेवर, रबर मऊ, बिजागरी मोकळी. तोंडात फुंकर मारली तर उलट्या बाजूनं हवासुद्धा जात नाही. असा व्हॉल्व्ह भंगारात टाकून दुसरा बसवला, तर महिन्यानं तीच तक्रार येणारच, कारण पाणी मागे येण्याचं कारण पाइपात तसंच राहिलेलं असतं. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या : पाणी खरंच उलटं जातंय का, आणि जात असेल तर त्याला मागे ढकलतंय किंवा ओढतंय कोण.

व्हॉल्व्हला दिशा कळत नाही

एनआरव्हीच्या अंगावर बाण असतो, म्हणून आपल्याला वाटतं की त्याला पुढचं-मागचं कळतं. त्याला कळतो तो फक्त दाबातला फरक. पंपाकडचा दाब जास्त असला की फ्लॅप उचलला जातो. पंप थांबला आणि वरच्या पाण्याचा दाब जास्त झाला की फ्लॅप मागे येऊन सीटवर, म्हणजे त्याच्या टेकायच्या कडेवर, बसतो. सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह असाच चालतो, आतली हवाच तोंड दाबून धरते. याचा अर्थ असा की एनआरव्हीला बंद राहायलासुद्धा मागून दाब लागतो. दाब जितका जास्त, तितका तो घट्ट बसतो.

आता हिशेब बघा. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी आठ-नऊ मीटरवर असते, म्हणजे मोटरीजवळच्या एनआरव्हीवर पाऊण किलोच्या वर दाब येतो. फ्लॅप नीट बसायला तो पुरतो. सीटवर वाळूचा एखादा कण अडकलेला असेल तर मात्र त्याला चेपून बसण्याइतका तो नसतो. आणि तोच एनआरव्ही कुणी गच्चीवर, टाकीच्या पाण्यापासून मीटरभर खाली बसवला असेल, तर त्याच्यावर दाब जेमतेम ०.१ किलो. तिथं पितळी सीटवर पितळी फ्लॅप असला तर नवाकोरा व्हॉल्व्हसुद्धा झिरपणार. "गच्चीवर काम करायला सोपं जातं" म्हणून तो तिथं बसवणारे आहेत. सोपं जातं हे खरं, पण एनआरव्हीची जागा खाली, मोटरीच्या डिलिव्हरीला, म्हणजे पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला, आहे.

पाइपचं तोंड कुठं उघडतं?

टाकी उतरते म्हटलं की सगळे मोटरीकडे धावतात. मी म्हणेन, आधी जिना चढा, टाकीचं झाकण उघडा आणि मोटरीकडून आलेला पाइप टाकीत कुठं संपतो ते बघा. निम्म्या भांडणाचा निकाल तिथंच लागतो.

पाइप टाकीत वरून येतो आणि भरलेल्या पाण्याच्या वरच उघडा राहतो, असं असेल तर टाकीतलं पाणी त्या पाइपानं मागे जाऊच शकत नाही. एनआरव्ही मोडका असो, नाहीतर नसोच. फार तर पाइपात उभं असलेलं पाणी खाली जाईल. इंची पाइपात मीटरला अर्धा लिटर पाणी मावतं; बारा मीटरचा पाइप पूर्ण रिकामा झाला तरी सहा लिटर. सहा लिटरनं हजार लिटरची टाकी अर्ध्यावर येत नाही. अशा घरात एनआरव्ही बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. गळती दुसरीकडे शोधायची.

दुसरा प्रकार जास्त फसवा. पाइप वरून येतो, पण आत शिरल्यावर एल्बो लावून खाली पाण्यात सोडलेला असतो. विजापूर रोडच्या बाजूच्या एका घरात हेच निघालं. घरातल्या आजींना रात्री टाकीत पडणाऱ्या पाण्याच्या आवाजानं झोप लागायची नाही, म्हणून मुलानं आतून तीनेक फुटांचा तुकडा जोडून पाइप पार बुडाजवळ नेला होता. आवाज गेला, आणि सायफन तयार झाला. मोटर बंद झाल्यावर एनआरव्ही जराही झिरपला की पाइपातलं पाणी खाली सरकतं आणि टाकीतलं पाणी त्याच्यामागोमाग ओढलं जातं. धार अगदी बारीक असते, मिनिटाला अर्धा लिटर. पण रात्रीच्या दहा तासांत तेवढ्यातच ३०० लिटर गेलेले असतात. त्या घरात एनआरव्हीला कुणी हात लावला नाही. टाकीतल्या पाइपाच्या आडव्या भागाला, पाण्याच्या वरच्या पातळीच्याही वर, ५-६ मिलिमीटरचं एक भोक खालच्या अंगानं पाडलं. मोटर चालू असताना त्यातून थोडं पाणी खाली उडतं, ते टाकीतच पडतं. मोटर बंद झाली की त्याच भोकातून हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. आजींची झोपही शाबूत राहिली. भोक वरच्या अंगाला पाडलं तर पाणी झाकणावर उडत राहील, म्हणून खालच्या.

तिसरा प्रकार म्हणजे मोटरीचा पाइप टाकीच्या बुडालाच जोडलेला. कधीकधी घरात उतरणारी लाइन आणि मोटरीची लाइन एकच असते, पाइप वाचवायला. इथं सगळा भार एनआरव्हीवर आहे. तो झिरपला तर टाकी उतरणार म्हणजे उतरणारच. शक्य असेल तर ही जोडणीच बदला आणि मोटरीचा पाइप वरून आणा. दोन एल्बो आणि थोडा पाइप लागतो. दर वर्षी व्हॉल्व्ह बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पाइपचं तोंड पाण्याच्या वर आहे आणि तरी टाकी उतरते, तर रात्री झोपताना घरात उतरणाऱ्या लाइनचा टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा. सकाळी पातळी तीच राहिली तर पाणी घरातच जातंय. पहिला संशय संडासाच्या फ्लश टाकीवर घ्या. त्यात कपड्याच्या निळीचे चार थेंब टाका, अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका, आणि भांड्यात निळी रेघ उतरते का बघा. जिथं चार दिवस पाणी पुरवून वापरायचं असतं तिथं फ्लशच्या रबरी वॉशरनं रोज शंभर-दोनशे लिटर पाणी नेलेलं मी पाहिलंय, आणि शिव्या मात्र एनआरव्हीनं खाल्ल्या.

हौद वाढतोय का?

पाणी खरंच मागे येतंय हे ठरवायची सर्वांत सरळ खूण हौदात मिळते. रात्रीत टाकी उतरली आणि हौदाची पातळी चढली, तर वाद संपला. पातळी काठीनं मोजा, डोळ्यानं नको. मोठ्या हौदात ३०० लिटरनं चार-पाच बोटंच फरक पडतो. आणि नळाला पाणी येणार असेल ती रात्र सोडून मोजा.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. मोटर हौदाच्या वर असेल आणि सक्शनला, म्हणजे हौदातून पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या खालच्या टोकाला, फूट व्हॉल्व्ह (तीही एकतर्फी झडपच) असेल, तर टाकीतलं पाणी हौदात पोचायला दोन दारं ओलांडतं : आधी डिलिव्हरीचा एनआरव्ही, मग फूट व्हॉल्व्ह. हौद चढला म्हणजे दोन्ही गळतायत. एकच बदललात तर टाकी उतरायची थांबेल, पण दुसरा खराबच राहील आणि काही दिवसांनी वेगळ्या रूपात समोर येईल. ओपनवेल मोटर हौदात बुडवून ठेवलेली असते तिथं फूट व्हॉल्व्ह नसतो, सगळी मदार एका एनआरव्हीवर. घरोघरी दिसणाऱ्या अर्ध्या एचपीच्या सेल्फ प्रायमिंग मोटरींत सक्शनच्या तोंडाशीच एक रबरी फ्लॅप असतो. उन्हात तापून तापून तो कडक होतो, कडेनं वाकतो. बऱ्याच लोकांना तो तिथं आहे हेच ठाऊक नसतं, त्यामुळे तो कधी बदललाही जात नाही.

मोटर पाणी सोडते, दर वेळी भरून घ्यावी लागते, अशी तक्रार असेल तर लोक सरळ सांगतात, "दादा, फुटबॉल गेला." (म्हणजे फूट व्हॉल्व्ह.) गेला असेलही. पण तपासायला पाच मिनिटं लागतात. मोटर बंद ठेवा, पाणी भरायचं बूच काढा, काठोकाठ भरा आणि बघत बसा. डिलिव्हरीला एनआरव्ही नसेल किंवा तोच गळका असेल तर आधी तिकडचा व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर वरचं पाणी येऊन तुमचा अंदाज चुकवेल. बुचातलं पाणी सरसर खाली गेलं, तर फूट व्हॉल्व्ह धरत नाही. पाणी हललंच नाही, पण मोटर लावल्यावर थोडं उचलून मग सोडते, तर फूट व्हॉल्व्ह ठीक आहे आणि मोटर कुठून तरी हवा ओढतेय. सक्शनचा सॉकेट, युनियनचं (उघडता येणाऱ्या जोडाचं) वॉशर, ग्लँडची (शाफ्टभोवतीची) दोरी, नाहीतर बुचाचाच आटा. मोटर चालू असताना सांध्यावर साबणाचा फेस लावा. जिथं फेस आत ओढला जातो तिथं भोक आहे. ही हवेची गळती बाहेर पाण्याचा थेंबही दाखवत नाही, म्हणूनच फूट व्हॉल्व्ह उगाच बदलले जातात.

आता महिन्यानं पुन्हा तेच का, ते बघा. पाणी रोज येत नाही, त्यामुळे आपला हौद दर खेपेला तळाला जातो. फूट व्हॉल्व्ह तळाला टेकवून ठेवलेला असेल तर शेवटच्या दिवशी तो पाण्याबरोबर गाळ ओढतो. तोच बारीक गाळ फूट व्हॉल्व्हच्या सीटवर आणि पुढे एनआरव्हीच्या सीटवर बसतो. नवा व्हॉल्व्ह टाकला की सीट स्वच्छ असते म्हणून महिना बरा जातो, एवढंच त्या नव्याचं कर्तृत्व. फूट व्हॉल्व्ह तळापासून वीतभर वर घ्या आणि पावसाळ्यानंतर हौद उपसून धुवा. तळचं वीतभर पाणी उचलता येणार नाही, हे मान्य करायचं.

नवा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी गळतो तेव्हा

दुकानदाराशी भांडायच्या आधी व्हॉल्व्ह काढून आत बघा. फ्लॅपखाली टेफ्लॉन टेपची पांढरी चिंधी सापडण्याची शक्यता सर्वांत मोठी. आट्यावर टेप गुंडाळताना पहिला आटा मोकळा सोडायचा असतो. घाईत टेप तोंडापलीकडे जाते, पाना आवळताना तिची कड तुटते आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन नेमकी सीटवर बसते. केसाएवढी चिंधी पुरते. हॅक्सॉनं कापलेल्या पाइपाचा चुरा, सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा आत ओघळून वाळलेला थेंब, हीही तशीच मंडळी. नवी लाइन टाकल्यावर एनआरव्ही बसवण्याआधी पाच मिनिटं पाणी सोडून ती धुऊन काढली की यातलं काहीच होत नाही. ते सहसा कुणी करत नाही, कारण त्यासाठी पाणी लागतं, आणि पाणी परवा यायचं असतं.

मग बसवण्याची दिशा. बाण पाण्याच्या वाटेकडे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण फ्लॅपवाला एनआरव्ही आडव्या पाइपात बसवताना त्याचं झाकण वर असावं लागतं, म्हणजे बिजागरी वर राहते आणि फ्लॅप स्वतःच्या वजनानं सीटकडे येतो. जागा नाही म्हणून तो कुशीवर आडवा केला तर फ्लॅप लोंबकळत राहतो. उभ्या पाइपात पाणी खालून वर जात असेल तर तो चालतो, वरून खाली जात असेल तर चालत नाही. तिथं त्याचं वजनच त्याला उघडं ठेवतं. स्प्रिंगवाला मात्र कसाही बसवा. पंपाच्या तोंडाला किंवा एल्बोला अगदी चिकटवून फ्लॅपवाला बसवला तर तिथल्या खळबळत्या पाण्यात फ्लॅप फडफडत राहतो आणि बिजागरीची पिन झिजते. पाइपाच्या व्यासाच्या पाच-दहापट सरळ तुकडा मध्ये ठेवा, इंची पाइपाला वीतभर तरी.

एनआरव्हीच्या वरच्या अंगाला एक बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन हवीच. नाहीतर साफ करायला व्हॉल्व्ह काढायचा म्हणजे आधी सगळा पाइप ओतून द्यायचा, आणि मग कुणी साफ करतच नाही.

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना क्षार सोडत नाही. आपल्याकडच्या जड पाण्यानं वर्षभरात सीटवर पांढरा, खडबडीत थर चढतो. पितळी व्हॉल्व्ह काढून लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवला की थर सुटतो. ब्रशनं घासून परत बसवा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये बुडवू नका, पितळ खाल्लं जातं आणि सीट कायमची खडबडीत होते.

विकत घेताना माझं मत विचाराल तर घराच्या पाण्याला रबरी सीट असलेला घ्या, नायट्राइल म्हणतात तेही रबरच. धातूवर धातू बसणारा व्हॉल्व्ह गरम पाण्याला आणि वाफेला ठीक. कमी दाबाच्या गार पाण्याला तो पुरता बंद होत नाही.

मोटर बंद केल्यावर धाड असा आवाज

मोटर बंद होते तेव्हा वर चाललेलं पाणी हळू होतं, थांबतं आणि उलटं फिरतं. फ्लॅप जड किंवा अडकत चालणारा असेल तर तो पाणी उलटं फिरल्यावर बंद होतो, आणि सुसाट आलेला पाण्याचा स्तंभ बंद दारावर आदळतो. तो आवाज त्याचा. १८९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यावर प्रयोग करून झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं. सेकंदाला १ मीटर वेगानं चाललेलं पाणी एकदम थांबलं तर लोखंडी पाइपात दाब सुमारे १२ किलोनं उसळतो. पीव्हीसी थोडं ताणलं जातं, तिथं हा आकडा बराच कमी येतो, चार-सहा किलोंच्या घरात. तरी सांधे ढिले करायला तेवढा रोजचा मार खूप झाला.

उपाय साधा आहे. तिथं स्प्रिंगवाला एनआरव्ही टाका; पाणी उलटं फिरायच्या आतच स्प्रिंग फ्लॅप मिटवते. आवाज येतो म्हणून एनआरव्ही काढूनच टाकायचा, हा उपाय नव्हे. उजनीहून सोलापूरला शंभरेक किलोमीटरवरून पाणी येतं. असल्या लांब पंपिंग लाइनवर हा प्रश्न घरातल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा असतो, म्हणून तिथं नुसत्या एनआरव्हीवर न भागवता एअर व्हॉल्व्ह, झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (पाणी उलटं फिरायच्या आत मिटणारा), हवेच्या टाक्या असा सगळा सरंजाम लागतो.

महापालिकेच्या लाइनला एनआरव्ही लावून बेफिकीर राहू नका

आतापर्यंतचं सगळं पाण्याच्या नुकसानीचं होतं. इथं तब्येतीचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणजे उरलेले दिवस रस्त्यातली लाइन रिकामी असते. पुरवठा बंद होतो त्या वेळी उताराकडच्या घरांत पाणी चालूच असतं, कुणी कुणी नळाला थेट मोटर लावून ओढत असतं. अशा वेळी चढावरच्या घरांच्या पाइपात दाब हवेपेक्षाही कमी होतो आणि नळ बाहेर सोडण्याऐवजी आत ओढायला लागतो. बादलीत बुडालेली नळी असेल तर बादली ओढेल. कमी दाब म्हणून नळ खड्ड्यात घेतलेला असेल आणि खड्ड्यात सांडलेलं, अंगणातून वाहून आलेलं पाणी साचलं असेल तर तेही ओढेल. पुढच्या खेपेला पहिली पाच मिनिटं जे गढूळ पाणी येतं, त्यात गल्लीतल्या सगळ्यांचं थोडंथोडं असतं.

इथं लोक म्हणतात, मीटरनंतर एनआरव्ही लावलाय, आता काळजी नाही. वर लिहिलेलं आठवा : एनआरव्हीला घट्ट बसायला दाब लागतो, आणि एक वाळूचा कण पुरतो. टाकी उतरण्यापुरता तो चालेल. पिण्याच्या पाण्याची जबाबदारी एकट्या एनआरव्हीवर टाकता येत नाही. इथं खरा भरवसा मोकळ्या हवेचा. हौदात येणारा नळाचा पाइप हौदाच्या ओव्हरफ्लोच्या वर, व्यासाच्या दुप्पट आणि निदान इंचभर तरी उंचीवर उघडा राहू द्या. मधल्या हवेतून पाणी उलटं चढू शकत नाही, आणि हवा कधी गंजत नाही की अडकत नाही. खड्ड्यातला नळ भरून झाल्यावर बूच लावून बंद ठेवा, खड्डा कोरडा ठेवा. थेट मोटर लावू नका. महापालिका मोटर जप्त करते हे आहेच, शिवाय शेजारच्या खड्ड्यातलं ओढून आणणारे तुम्हीच असता.

बोअर आणि नळ एका पाइपाला जोडून मध्ये एकेक एनआरव्ही, ही जोडणी नव्या वस्त्यांत सर्रास दिसते. बोअरच्या पंपाचा दाब नळाच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. नळाकडचा एनआरव्ही झिरपला की तुमचं बोअरचं पाणी सगळ्या गल्लीला. दोन्ही पाइप वेगवेगळे, वरून हौदात सोडा. एकमेकांना भेटूच देऊ नका.

हे फार ताणतोय असं वाटेल त्यांच्यासाठी : १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन मोठ्या हॉटेलांत पिण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांच्या सदोष जोडण्यांमुळे अमीबाच्या आमांशाची साथ पसरली. जवळपास शंभर माणसं गेली.

आपल्याकडचं उदाहरण माणसांचं नाही, टॉवेलचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका रंगाई युनिटमध्ये पांढऱ्या टॉवेलच्या लॉटवर अधूनमधून गुलाबी झाक यायची. कामगाराला बोलणी बसायची. खरा प्रकार असा की रंगाच्या भांड्यात पाण्याची नळी बुडवून ठेवलेली असायची. लाइट गेली, पंप बंद पडला की भांड्यातला रंग नळीतून लाइनमध्ये उतरायचा आणि लाइट आल्यावर शेजारच्या धुण्याच्या भांड्यात निघायचा. नळीला एनआरव्ही बसवला. काही आठवडे चांगले गेले, मग पुन्हा झाक. व्हॉल्व्ह उघडला तर सुताच्या तंतूंची ओली, गुलाबी वात फ्लॅप आणि सीटच्या मध्ये पिळून बसलेली. शेवटी नळी भांड्याच्या काठाच्या वर हातभर उंच लोखंडी आकड्याला बांधून टाकली, खाली उतरणारच नाही अशी. तक्रार बंद.

डाळिंब-द्राक्षवाल्यांनी ठिबकच्या व्हेंचुरीकडेही (पाण्याच्या ओढीनं खत लाइनमध्ये घेणारा तुकडा) याच नजरेनं बघावं. पंप बंद झाल्यावर खताचं पाणी विहिरीत उतरू नये म्हणून व्हेंचुरीच्या आधी, पंपाच्या बाजूला एनआरव्ही लागतो. शिवाय खताची टाकी भरायची नळी टाकीत बुडवून ठेवायची नाही.

सोलर आणि बोअर, थोडक्यात

गार पाण्याच्या नळाला गरम पाणी येतंय, अशी तक्रार असेल तर सोलर वॉटर हीटरच्या गार पाण्याच्या इनलेटचा एनआरव्ही आणि बाथरूमचे मिक्सर तपासा. तपासणी डिसेंबरात करा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात सगळेच नळ गरम असतात, त्यात सोलरचा दोष नाही. या लाइनवर दाब फार कमी असतो, तिथं कडक स्प्रिंगचा एनआरव्ही टाकला तर पाणीच येईनासं होतं. हलका फ्लॅपवाला घ्या. आणि तो बसवल्यावर सोलरचा व्हेंट पाइप (हवा-वाफ बाहेर सोडणारा) उघडा असल्याची खात्री करा. तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायची वाट तुम्ही बंद केलेली असते. व्हेंटही बुजलेला असेल तर सोलरची टाकी फुगते, सांधे सुटतात.

बोअरच्या सबमर्सिबलच्या डोक्यावर स्वतःचा एनआरव्ही असतो, खोल बोअरला कॉलममध्ये (पंपापासून वर येणाऱ्या उभ्या पाइपात) मध्येही टाकतात. तो गेला की मोटर बंद होताच कॉलममधलं सगळं पाणी खाली धावतं आणि पंपाला उलटं फिरवतं. तेवढ्यात लाइट परत आली आणि ऑटो स्टार्टरनं मोटर सुरू केली, तर उलट्या फिरणाऱ्या शाफ्टला सुलटा झटका बसतो. शाफ्ट किंवा कपलिंग तुटतं. ऑटोचा टायमर दोन-तीन मिनिटांवर ठेवा. सुरू करताना पाइप आधी बराच वेळ नुसती हवा मारत असेल, तर कॉलम रिकामा होतोय हे समजा. पण मोटर वर काढायच्या आधी मागच्या वेळी ती उतरवणाऱ्याला एक विचारा : एनआरव्हीला भोक पाडलं होतं का? पाइप वर ओढताना पाण्याचं वजन नको म्हणून काहीजण मुद्दाम पाडतात आणि मालकाला सांगत नाहीत. तसं असेल तर मोटरीत काही शोधू नका, नवा एनआरव्ही टाकून घ्या.